शुक्रवारी उघडायची पुरवणी

आमच्या घरी रविवार शुक्रवारी यायचा. भिवंडीत निम्म्या घरांत तो तसाच येतो, कारण लूमची, म्हणजे यंत्रमागांची, सुट्टी शुक्रवारची. बाबा जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला लूम उघडून पुन्हा चालता करायचं काम त्यांचं. त्यामुळे आमच्याकडे मटण शुक्रवारी, डोक्यावरून आंघोळ शुक्रवारी, पाहुणे शुक्रवारी. रविवारी सकाळी सातच्या आत बाबा डब्याची पिशवी घेऊन बाहेर पडलेले असायचे. शाळेत ‘माझा रविवार’ असा निबंध आला तेव्हा मी सगळं शुक्रवारचं लिहिलं. बाईंनी खाली लाल पेनानं शेरा मारला, विषय नीट वाचावा.

पेपरची रंगीत पुरवणी मात्र रविवारी यायची, त्याला इलाज नव्हता. बाबा सकाळच्या चहाबरोबर मुख्य पेपर चाळायचे आणि पुरवणी घडी न मोडता गादीखाली सरकवायचे. ती शुक्रवारपर्यंत कोणी उघडायची नाही. सुट्टीच्या दिवशीची वस्तू सुट्टीच्या दिवशीच बघायची, असा त्यांचा हिशेब. एकदा आईनं ती चुकून डब्यांच्या फळीवर अंथरली, तर त्या शुक्रवारी बाबा मटण असूनही अर्ध्या भाकरीवर उठले.

पुरवणीच्या शेवटच्या पानावर सहा चित्रांची एक गोष्ट असायची. एक गोल पोटाचा न्हावी आणि त्याची आगाऊ बकरी. गोष्ट पुढच्या रविवारी चालू राहायची. फार काही ग्रेट नव्हती, खरं सांगायचं तर. पण शुक्रवारी सकाळी बाबा चटई टाकायचे, चष्मा लावायचे, मला शेजारी बसवायचे आणि मग घडी उघडायची. मी सात वर्षांची होते तेव्हापासून हे चाललं होतं. मी नोकरीला लागले तरी चालूच राहिलं, फक्त सकाळचं संध्याकाळवर गेलं.

याला कारण होतं. तीस वर्षं लूमच्या खटखटाटात काढून बाबांचे कान गेले होते. एकदम नाही, हळूहळू. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग टीव्ही, मग आम्ही. लूमच्या शेडमध्ये तसंही बोलून उपयोग नसतो, तिथं सगळं हातानं चालतं. अंगठा ओठाला लावला की चहा. उताणा पंजा खांद्यावरून मागे टाकला की नंतर. सपाट पंजा हवेत खाली दाबला की लूम बंद. त्या खुणा बाबांबरोबर घरात आल्या आणि आईला, मला पाठ झाल्या. पण खुणांनी चहा मागता येतो, भाकरी मागता येते, ‘आज ऑफिसात मला कसं वाटलं’ हे सांगता येत नाही. कानाचं यंत्र आणलं तर म्हणाले, त्यात लूमच जास्त मोठा ऐकू येतो, आणि ते कपाटात ठेवून दिलं. तेव्हा बापलेकीत जे काही बोलणं उरलं होतं ते त्या सहा चित्रांवर. चित्राला कान लागत नाहीत.

मी राहनाळच्या एका गोदामात कामाला होते. साल दोन हजार आठ असेल, नाहीतर नऊ. इंटरनेटवरून मिक्सर, इस्त्र्या, भिंतीवरची घड्याळं मागवणारी माणसं तेव्हा नुकती तयार होत होती, आणि मागवलेल्या वस्तू फुटक्या मिळाल्या की ती मेलवर भांडायची. त्या मेलना उत्तरं देणं ही माझी ड्युटी. उत्तरं आधीच तयार होती. एकूण अकरा. मेल वाचायची, कोणतं उत्तर बसतं ते ठरवायचं, चिकटवायचं, पाठवायचं. चार नंबरचं सगळ्यात जास्त जायचं: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दिवसभरात मी इतक्यांदा दिलगीर व्हायचे की संध्याकाळी घरी पाय धुताना खरोखरच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं. आमचे साहेब ठाण्याच्या ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. फोनवर म्हणायचे, मॅडम, स्माईल करत टाईप करा, ते कस्टमरला कळतं. काय कळणार, डोंबल.

तरी मला एक वेड होतं. कोणाला कपड्यांचं असतं, कोणाला सिनेमाचं, मला चांगल्या उत्तरांचं. घरचं काही बिघडलं की मी मुद्दाम त्या कंपनीला लिहायचे आणि काय उत्तर येतं ते बघायचे. बहुतेकांचा चार नंबर यायचा. पण एका कुकर कंपनीतल्या बाईनं रिंग कशी बसवायची ते असं लिहून पाठवलं होतं, जसं शेजारची वहिनी ओट्याशी उभी राहून सांगते. ते मी छापून एका फाइलीत ठेवलं. वर्षभरात त्या फाइलीत दोनच कागद जमले होते. आई म्हणायची, बाप तसी लेक, एकाला बकरी नि एकीला पत्रं.

तर एका रविवारच्या पुरवणीत न्हावी बाजारात उभा, हातात नुसती दोरी आणि बकरी गायब, इथं गोष्ट थांबली. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी आल्या आल्या बाबांनी चटई टाकली. आईनं चहा दिला. बाबांनी गादीखालून पुरवणी काढली, घडी उघडली आणि आत भलतंच निघालं. कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्याची जाहिरातींची पानं. प्लॉट, फ्लॅट, सोफासेट. न्हावी नाही, बकरी नाही. बाबांनी पानं उलटून पालटून पाहिली, गादीखाली हात घालून चाचपलं, मग माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच ती कुठं ठेवली आहे.

मी पेपरवाल्याला फोन केला. तो हसायलाच लागला. “ताई, रविवारचं शुक्रवारी सांगताय? ती रद्दी पण गेली.”

शनिवारी गोदामात जेवणाच्या सुट्टीत मी त्या पेपरची वेबसाइट उघडली. तक्रारीचा फॉर्म होता. पुरवणी मिळाली नाही तर दोन दिवसांत कळवावे. आज सहावा दिवस. तरी मी भरला. अर्ध्या तासात उत्तर आलं: आपली तक्रार मुदतीनंतर आली असल्याने काही करता येत नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्यांचाही चार नंबर. मला राग यायला हवा होता, पण आधी बरंच वाटलं, म्हणजे आपल्यासारखंच कोणीतरी तिकडंही बसलंय. मग राग आला.

पुढच्या शुक्रवारी नवीन पुरवणी उघडली तर बकरी न्हाव्याच्या दुकानाच्या छपरावर उभी. मजेत. कशी आली, कुठून आली, काही नाही. बाबांनी चित्रावर बोट ठेवलं.

“बकरी आली कशी पन?” त्यांचा आवाज आख्ख्या चाळीला ऐकू जायचा. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाजही कळत नाही.

मी खांदे उडवले.

“आशी कशी यंल? दोरी तर याच्या हातात हाय!”

त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना विचारलं. शेडमधल्या लोकांना, कोपऱ्यावरच्या खऱ्याखुऱ्या न्हाव्याला, भाजीवालीला. हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं. लूमवरची बहुतेक माणसं तो पेपर वाचतच नव्हती. कोणाला सांगता येईना. आई कंटाळून म्हणाली, “न्हाय तर न्हाय, कापली आसंल नि दुसरी आनली आसंल!” बाबांना ते ऐकू गेलं नाही, हे बरं झालं.

मंगळवारी मी पेपरला पुन्हा मेल केली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण गोदामातल्या कॉम्प्युटरवर देवनागरी नव्हती. चांगलं पानभर लिहिलं. की आमचा रविवार शुक्रवारी असतो. की बाबा पुरवणी पाच दिवस उघडत नाहीत, त्यामुळे तुमच्या दोन दिवसांत आम्ही जन्मात बसणार नाही. की त्यांना ऐकू येत नाही आणि आठवड्यातून एकदाच आम्ही दोघं हसतो, ते तुमच्या शेवटच्या पानावर. की मीसुद्धा असलीच उत्तरं पाठवते, तेव्हा मला चार नंबर पाठवू नका. पाठवलं आणि लगेच लाज वाटली. एका बकरीसाठी एवढं कोणी लिहितं का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खाली नाव नव्हतं, नुसतं ‘ग्राहक सेवा’. पण लिहिणारी बाई होती. तिनं लिहिलं होतं: “तुमचा रविवार शुक्रवारी येतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या फॉर्ममध्ये तशी जागाच नाही. जुने अंक तळमजल्यावर ठेवतात, उद्या जेवणाच्या सुट्टीत शोधून बघते. घरचा पत्ता कळवा.” बस, एवढंच. दिलगिरीचा एक शब्द नाही. मी ते तीन वेळा वाचलं, छापलं आणि फाइलीत लावलं. फाइलीतला तिसरा कागद. त्या दिवशी फुटक्या मिक्सरवाल्या एका गृहस्थांना मी पहिल्यांदा स्वतःचं उत्तर लिहिलं. साहेबांचा लगेच फोन आला, मॅडम, आपली ठरलेली उत्तरं आहेत ना?

दहा-बारा दिवसांनी पाकीट घरी आलं. पण तोवर दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं दुसऱ्या गोदामाच्याही मेल आमच्याकडे वळवल्या होत्या. रोज घरी यायला साडेआठ व्हायचे. आईनं सांगितलं, “बाबांचं पाकीट आलंय.” मी म्हटलं, अरे वा. बाबांनी ते पाकीट दोन्ही हातांनी धरून मला दाखवलं आणि अंगठा ओठाला लावला. चहा, म्हणजे चल, बसू. तो शुक्रवार होता. मी पंजा खांद्यावरून मागे टाकला. नंतर. त्यांचीच खूण त्यांना केली आणि जेवून आडवी झाले.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी दमले होते. नुसती कामानं नाही, दिलगीर होऊन होऊन दमले होते. घरी आल्यावर कोणी माझ्याकडून काही मागू नये, हसूसुद्धा, असं वाटायचं. बाबांनी केव्हाच वाचलं असेल, असं मी धरून चालले. वाचलं का, हे विचारलं नाही.

आणि मग त्या बाईची मेल आली. स्वतःहून. “पुरवणी मिळाली का? वडिलांना आवडली का? बकरी परत कशी आली ते मी शोधताना वाचलं, पण सांगत नाही.”

माझ्यासमोर चाळीस मेल उघड्या पडल्या होत्या. मी लिहिलं: हो, मिळाली. त्यांना खूप आवडली. मनापासून आभार. पाठवलं आणि पुढच्या इस्त्रीकडे वळले. साहेबांनी पाहिलं असतं तर तो आमचा बारावा नंबर झाला असता.

त्या रविवारी मला सुट्टी होती. बाबा ड्युटीवर. दिवाळीची साफसफाई म्हणून मी गाद्या उन्हात टाकायला काढल्या. बाबांच्या गादीखाली आजची धरून चार रविवारच्या पुरवण्या निघाल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. आणि त्यांच्या वर ते पाकीट. चिकटवलेलं जसंच्या तसं. उघडलेलंच नाही.

मी ते हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई चकल्यांचं पीठ मळत होती.

“आई, बाबांनी हे उघडलंच नाही?”

“कशाला उघडतील?”

“कशाला म्हणजे? महिनाभर बकरी बकरी करत होते ना?”

आईनं पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलं. “तुझी वाट बघतात. दर शुक्रवारी चटई टाकतात. तू येतेस, जेवतेस नि झोपतेस. मग गुंडाळतात. मी बोल्ली, तुमी वाचा ना, ती दमते. तर बोलले, एकट्यानं न्हाय वाचायची.”

जी बाई मला ओळखत नव्हती, माझ्या बापाला ओळखत नव्हती, ती स्वतःची जेवणाची सुट्टी घालवून धुळीत अंक शोधत बसली, वर तीन आठवड्यांनी आठवणीनं विचारती झाली. आणि मी एका छपराखाली राहून ‘खूप आवडली’ असं ठोकून दिलं होतं. आपलीच लाज वाटणं म्हणजे काय, ते त्या दिवशी हातात पाकीट धरून मला कळलं.

सोमवारी गोदामात गेल्या गेल्या तिला खरं लिहिलं. की मागच्या वेळी मी खोटं कळवलं, पाकीट अजून उघडलेलंच नाही, माझ्यासाठी राहिलंय. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: “मग या शुक्रवारी उघडा आणि मला खरं काय ते कळवा.”

साहेबांना फोन केला. शुक्रवारी सुट्टी हवी, बदल्यात रविवारी येते.

“शुक्रवारी? दिवाळीच्या तोंडावर? काय, लग्न आहे कोणाचं?”

“सर, आमचा रविवार शुक्रवारी असतो.”

तिकडे ते बहुतेक याला कोणता नंबर बसतो ते शोधत असावेत. शेवटी म्हणाले, बरं, या वेळेपुरतं.

शुक्रवारी सकाळी लूम बंद म्हणून गल्ली शांत होती. बाबा म्हणायचे, तुमच्यासाठी शांत, माझ्या कानात शुक्रवारी पन खटखट चालूच हाय. मी घरातच आहे हे त्यांनी दोनदा आत येऊन पाहिलं. मग चटई टाकली, गादीखालून पाकीट आणि चारही पुरवण्या काढून ओळीत मांडल्या, चष्मा लावला आणि दाढीच्या जुन्या ब्लेडनं पाकीट अलगद कापलं. आत पुरवणी आणि एक चिठ्ठी. ‘धूळ होती, पुसली आहे. तरी झटकून वाचा.’ बाबांनी खरोखरच ती दारात नेऊन झटकली.

बकरी बाजारात भाजीवाल्याच्या टेम्पोत चढली होती. तिसऱ्या चित्रात ती फ्लॉवरच्या करंड्यांत गळ्यापर्यंत बुडालेली, नुसते दोन कान बाहेर. एवढं खाल्लं की तिला उठता येईना, आणि शेवटी भाजीवाल्यानंच हात जोडून तिला न्हाव्याच्या दारात आणून सोडलं. सहाव्या चित्रात न्हावी त्याची फुकट दाढी करतोय आणि बकरी त्याचा टॉवेल खातेय. एवढ्यासाठी महिना घालवला होता आम्ही. मी हसले.

बाबांनी तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. “हितं हसलीस, ती खरी.” मग बोट सहाव्यावर नेलं. “हितं खोटी. फोनवर सायबाशी हसतेस तशी.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना ओठांवरून कळावं म्हणून सावकाश विचारलं, “तुम्ही चित्रं बघत होता की मला?”

“चितर काय, ते एकटा पन बघंन मी,” ते म्हणाले. “तू बोलतेस ते मना कळत न्हाय आता. हसतेस ते कळतं.”

अकरातलं एकही उत्तर याला लागू होत नव्हतं. रडू आलं, तेही धड नाही, नाकातून. “दमले बाबा,” एवढंच म्हटलं. आवाज फुटला नसेल, पण ते वाचायला आवाज लागत नव्हता.

बाबांनी चष्मा काढला. सपाट पंजा हवेत धरला आणि हळूच खाली दाबला. लूम बंद.

मी तिथंच, त्या चटईवर, त्यांच्या मांडीशी आडवी झाले आणि भर सकाळी झोपून गेले.

उठले तेव्हा घरभर मटणाचा वास होता. बाबा तसेच बसले होते, चष्मा परत डोळ्यांवर, हात गुडघ्यांवर. बाकीच्या चारही पुरवण्या चटईवर होत्या तशाच, घडीत. मी डोळे उघडलेले पाहून त्यांनी अंगठा ओठाला लावला. मी मान हलवली आणि चहा टाकायला उठले.